व्यापारी गाळ्याची फरशी कशी निवडावी?
(मुंबई उपनगरांतील पाहणीवरून घेतलेला धडा)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी चार गोष्टी सांगत असतो. या अंकात मात्र विषय फरशीचा आहे. "ऊस विकास अधिकाऱ्याला फरशीतले काय कळते?" असे कोणी म्हणेल, तर त्याचे म्हणणे खरे आहे. कळत नव्हते म्हणूनच चूक झाली, आणि ती आपल्याच एका सभासदाला भोवली.

गेल्या पावसाळ्याआधी आपल्या एका गट कार्यालयाची डागडुजी झाली. जुनी शहाबादी फरशी काढून तेथे पांढरी, चकचकीत व्हिट्रिफाईड टाइल बसविली. ती पसंत करणाऱ्या तिघांत आम्हीही होतो. दुकानात दिव्याखाली नमुना पाहिला, तोंड दिसेल अशी चकाकी होती, दर परवडला, झाले! जूनमध्ये पाऊस सुरू झाला. खताची पावती घेण्यास आलेले एक सत्तरी ओलांडलेले सभासद, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, चिखलाच्या चपला दाराशी झटकून आत आले आणि दुसऱ्याच पावलाला घसरले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, अडीच महिने अंथरूण धरावे लागले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं उसाच्या पाटात चिखल तुडवला, कधी पडलो न्हाई. तुमच्या आरशावर पडलो बघा." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता कारखान्याच्या रस्त्यालगत व्यापारी गाळ्यांची नवी इमारत उभी राहावयाची आहे. पुढच्या बाजूस दुकाने, बँकेची शाखा, दवाखाना आणि रसवंतीगृह, तर मागे खत-बियाण्यांचे गोदाम असा आराखडा आहे. पैसा सभासदांचा आणि वावरही सभासदांचाच. यास्तव फरशी ठरविण्यापूर्वी नीट पाहणी करून यावी, असे मा. संचालक मंडळाने ठरविले. स्थापत्य विभागातील एक सहकारी आणि आम्ही असे दोघे चार दिवस मुंबई उपनगरांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथे फिरलो. त्या पाहणीचा सारांश येथे देत आहोत. ज्यांची मुले-भाऊ मुंबईस किंवा तालुक्याच्या गावी गाळा घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनाही तो उपयोगी पडावा.

उपनगरेच का?

पहिले कारण पाऊस. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सरासरीने मोजला जातो. तेथील दुकानात चार महिने ओल्या चपला आणि गळत्या छत्र्या येत असतात. तेथे जी फरशी टिकते ती आपल्याकडे सहज टिकेल. दुसरे कारण असे की सर्व तऱ्हेचे धंदे तेथे एकमेकांना लागून पाहावयास मिळतात. अंधेरी पूर्वेस मरोळला औद्योगिक वसाहत आहे, शेजारी १९७३ साली सुरू झालेले सीप्झ आहे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गाला लागून दुकाने, गोदामे, दवाखाने, मॉल अशी रांगच आहे. तिसरे कारण आपल्या सोयीचे. आपल्या भागातली पुष्कळ मंडळी तेथे धंद्यात आहेत. दुकानदार गिऱ्हाइकाला खरे सांगेलच असे नाही, पण गावचा माणूस भेटला की चहा पाजून आपली फसगतही सांगतो.

उपनगरांची भूमीही दगडाचीच. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल हा काळ्या बेसाल्टचा उभा कडा सुमारे ६१ मीटर उंच असून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला आहे. कुर्ला व मालाड येथील खाणींचा दगड मुंबईच्या जुन्या सरकारी इमारतींना लागला. पण दगडाच्या या मुलखातही दुकानांतल्या फरशा बाहेरून आल्या. शहाबादी आली कर्नाटकातून, कोटा राजस्थानातून, कडाप्पा आंध्रातून आणि आजची टाइल बहुतांशी गुजरातेतील मोरबीहून. मुंबईत रंगीत सिमेंटच्या फरशा बनविण्याचा स्वदेशी उद्योग १९२२ साली भारत फ्लोअरिंग टाइल्स या कंपनीने सुरू केला. त्यानंतरच्या पिढीत मोझॅक आली आणि जुन्या इमारतींत ती अजून पायाखाली आहे. थोडक्यात, बाजारात वाण पुष्कळ आहेत.

उसाचेच पाहा ना. को ८६०३२ हा वाण कितीही नावाजलेला असला, तरी चोपण जमिनीत आम्ही फुले २६५ सुचवितो. आधी जमीन पाहावयाची आणि मग बेणे ठरवावयाचे. फरशीचेही तसेच आहे. आधी जागेचा धंदा पाहावा आणि मग फरशी ठरवावी. आम्ही उलटे केले, आधी टाइल आवडली आणि मग ती जागेत बसविली. हे टाळण्यासाठी पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

प्रश्न पहिला : येथे कोण चालणार?

बोरिवलीस एका दवाखान्यात आम्ही गेलो. तो आपल्याच एका सभासदाच्या कन्येचा आहे. आतील खोल्यांत गुळगुळीत फरशी आहे, परंतु दारापासून पहिल्या सात-आठ फुटांत खरखरीत पृष्ठभागाची टाइल आहे. तिच्या आधी दाराबाहेर पाणी निथळण्यासाठी जाळी, आणि आत पाय पुसण्यासाठी जमिनीत खोलगट बसविलेले पायपुसणे. बाई म्हणाल्या, "काका, पाणी आत येऊच दिलं नाही तर निम्मं काम होतं." किती साधी गोष्ट! आमच्या गट कार्यालयात पायपुसणेसुद्धा नव्हते.

घसरणीबाबत टाइलच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'आर ९' ते 'आर १३' असे आकडे असतात. ही जर्मन पद्धतीची मोजणी आहे. उतरत्या फळीवर टाइल बसवून तेल टाकतात, त्यावर माणसाला चालवितात आणि किती उतारापर्यंत पाय टिकतो ते पाहतात. आकडा मोठा तेवढी पकड अधिक. कोरड्या आतल्या जागेस आर ९ चालते. दाराजवळ, जिथे ओले पाय येतात, तेथे किमान आर १० घ्यावी. उघड्या पायऱ्या, उतार व धुण्याच्या जागा यांना आर ११ किंवा त्यावरची बरी. दगड घेणार असाल तर पायऱ्यांना आरशासारखे पॉलिश करू नये. ग्रॅनाईट खरखरीत करून मिळतो. आधीच गुळगुळीत पायऱ्या बसविल्या असतील तर कडेशी खाचा पाडून घ्याव्यात.

चाकाची खुर्ची, काठी व कुबडी यांचाही विचार व्हावा. उताराची रीत एकास बारा आहे, म्हणजे एक फूट चढावयास बारा फूट लांबी. दोन खोल्यांच्या फरशांत अर्ध्या इंचाची ठेच राहिली, तर तेथे म्हातारा माणूस अडखळतोच.

प्रश्न दुसरा : येथे काय सांडणार?

घाटकोपरला एका रसवंतीगृहात आम्ही तासभर बसलो. चालविणारा मुलगा आपल्याच शिवारातला. त्याने आधी सुरेख पांढरा संगमरवर घातला होता. वर्षाच्या आत चरकाभोवतीची फरशी निस्तेज व खडबडीत झाली, आणि लिंबू कापण्याच्या ओट्याखाली तर खड्डेच पडले. गवंड्याने त्याला सांगितले की दगड हलका निघाला. आमच्या मते दगडाचा दोष नव्हता.

आपण माती परीक्षणासाठी नमुना नेता, तेव्हा चुनखडी पाहण्यासाठी मातीवर आम्लाचा थेंब टाकतात व ती फसफसते, हे कित्येकांनी पाहिले असेल. संगमरवर, शहाबादी, कोटा व कडाप्पा हे सर्व मुळात चुनखडीचेच दगड. लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड यांपैकी काहीही पडले की ते झिजतात व पॉलिश जाते. उसाचा रस सांडून राहिला तर आंबतो, आणि आंबला की त्याचेही आम्ल होते. साध्या सिमेंट काँक्रीटलाही ते खाते. आपल्या कारखान्यात मिल हाऊसमधल्या जमिनीची काय अवस्था होते ते कामगार बंधूंना विचारा. साखर तर सिमेंटची वैरीणच आहे. ओल्या सिमेंटमध्ये थोडी साखर मिसळली गेली तरी ते नीट धरत नाही. काम चालू असताना साखरेचे किंवा मळीचे पाणी वाळूजवळ येऊ देऊ नये, ते याचसाठी.

रसवंती, उपाहारगृह, दुग्धालय, लोणच्याचा धंदा अशा जागी खरखरीत व्हिट्रिफाईड टाइल किंवा ग्रॅनाईट घ्यावा. टाइल चांगली असूनही सांधे साध्या पांढऱ्या सिमेंटने भरले तर आम्ल तेथून शिरते, म्हणून सांधे इपॉक्सीने भरावेत. घाटकोपरच्या मुलाने दुसऱ्या वेळी हेच केले. पुन्हा काम करताना दुकान नऊ दिवस बंद राहिले आणि तेही एप्रिलात, रसाच्या ऐन हंगामात! "फरशीपेक्षा ते नऊ दिवसच महाग पडले," असे तो म्हणाला.

खतांचेही ध्यानात ठेवावे. अमोनियम सल्फेटसारखी खते ओल धरून काँक्रीटवर पडून राहिली तर त्याला खातात. गोदामात फाटकी पोती तशीच पडू देऊ नयेत, आणि पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत.

प्रश्न तिसरा : ओझे किती आणि चाके कसली?

अंधेरी पूर्वेस एका औद्योगिक इमारतीत सुट्या भागांचा गाळा पाहिला. दोन फुटी टाइल सुंदर दिसत होत्या, पण दारापासून मालाच्या जागेपर्यंत एक सरळ वाट अशी होती की तेथील प्रत्येक टाइलचा कोपरा फुटलेला. लोखंडी चाकांची हातगाडी रोज त्याच वाटेने जात होती. माणूस पूर्ण पाऊल टेकतो, लोखंडी चाक मात्र सगळे ओझे बोटभर जागेवर टाकते. मालकाने रबरी चाके लावली, पण फुटायचे ते फुटून गेले होते.

आपल्या गोदामाचा हिशेब करून पाहू. ५० किलोच्या पोत्याखाली साधारण अर्धा चौरस मीटर जागा जाते असे धरा. २० थर रचले तर तेवढ्या जागेवर १,००० किलो, म्हणजे चौरस मीटरला २ टन झाले. येथे टाइलचे काम नाही. गोदामास काँक्रीटचीच जमीन हवी. ट्रिमिक्स या पद्धतीत काँक्रीट पसरून, कंप देऊन, वरचे जादा पाणी यंत्राने शोषून घेतात आणि मग पृष्ठभाग घोटतात. त्यामुळे वरचा थर घट्ट होतो व धूळ कमी उठते. काँक्रीट आवळताना तडे जाणारच. ते आपल्याला हव्या त्या रेषेत जावेत म्हणून जमीन धरू लागताच वेळेवर यंत्राने खाचा कापतात. या खाचा कापण्यास कंत्राटदाराने उशीर केला, तर तडा आपली वाट आपणच शोधतो.

वरच्या मजल्याचा विचार उलटा आहे, तेथे फरशीचेच ओझे पाहावे लागते. ३० मिलिमीटर जाडीचा दगड आणि खाली ४० मिलिमीटर मसाला मिळून चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर भार होतो. १० मिलिमीटरची टाइल चिकट मसाल्यावर बसविली तर तीस-पस्तीस किलोच. जुन्या फरशीवर नवी, तिच्यावर आणखी नवी असे थर चढविण्याची चाल उपनगरांतील जुन्या इमारतींत दिसली. दरवाजे तासावे लागतात ते वेगळे, पण स्लॅबवरचे ओझे कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. अभियंत्यास विचारल्याखेरीज असे करू नये.

प्रश्न चौथा : फरशीच्या खाली काय आहे?

मुलुंडला एका किराणा दुकानात आमच्या सहकाऱ्याने खिशातून नाणे काढले आणि टाइलवर हलकेच वाजवीत गेले. काही ठिकाणी टणक आवाज, काही ठिकाणी पोकळ. दुकानदार चकित झाला. मोठ्या टाइलखाली मसाल्याचे पाच गोळे ठेवून वरून दाबण्याची वाईट खोड काही कारागिरांना असते. चार कोपरे व मधला भाग टेकतो आणि बाकी सगळे अधांतरी राहते. तेलाचा डबा आपटला की टाइल तेथेच फुटते. मसाला दातेरी पात्याने सर्वत्र सारखा पसरलेला हवा. काम चालू असताना एखादी ताजी टाइल उचलून मागची बाजू पाहण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे. संकोच करू नये.

तळमजल्यावर त्याहून खोल पाहावे लागते. भरणी १५ सेंटिमीटरच्या थरांनी घालून, पाणी मारून, धुम्मस करून पक्की करावी. मग दगडाचे सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि मगच फरशी. आपल्याकडे काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! ती तेथून काढून मुरूम भरल्याशिवाय कोणतीही फरशी सरळ राहणार नाही. जमिनीची नीट मशागत न करता लागण केली तर पुढे खत ओतून उपयोग नसतो, तसेच हे आहे. कंत्राटदार भरणीचे काम घाईत उरकू पाहतो, कारण ते झाकले जाते. म्हणून देखरेख त्याच वेळी करावी.

दोन टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा सांधा सोडावा. "सांधा दिसता कामा नये," असा हट्ट धरून टाइलला टाइल भिडविली, तर उष्णतेने प्रसरण पावण्यास जागा राहत नाही आणि एखाद्या दुपारी मधल्या टाइल तंबूसारख्या वर उचलल्या जातात. मुलुंडच्या त्याच दुकानात असे दोन वेळा झाले होते.

प्रश्न पाचवा : पाणी येणार कोठून, जाणार कोठे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांतील सखल भागांत तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरले. जुने व्यापारी आजही त्या दिवसाची गोष्ट काढतात. त्यांच्याकडून एक धडा मिळाला. दगड, सिमेंट, मोझॅक किंवा टाइलची जमीन पाणी ओसरल्यावर गाळ काढून, धुऊन पुन्हा वापरता येते. लाकडी भुशापासून बनविलेल्या फळ्या फुगतात, गालिचा कुजतो, आणि दोन्ही फेकूनच द्यावे लागतात. तळमजल्यास असली जमीन घेऊ नये. जोतेही रस्त्याच्या आजच्या पातळीवर न ठरविता, पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढणार हे धरून ठरवावे.

खालून येणारी ओल निराळी. इपॉक्सीची गुळगुळीत अखंड जमीन औषधांचे कारखाने व यंत्रशाळा यांत शोभते, पण तिच्याखालचे काँक्रीट निदान २८ दिवसांचे व कोरडे हवे. खालून ओल चढत असेल तर इपॉक्सीला फोड येऊन ती सुटते. यावर उपाय म्हणजे काँक्रीटखाली आधीच जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. धुण्याच्या जागी मीटरला दीड सेंटिमीटर ढाळ मोरीकडे द्यावा. फरशी झाली की बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी कोठे साचले तर गवंड्याची मजुरी देण्याआधीच दुरुस्त करून घ्यावे.

कोणत्या जागेस कोणती?

वरील पाच प्रश्नांवरून आमच्या समजुतीप्रमाणे असे म्हणता येईल :

१) खत-बियाणे गोदाम : ट्रिमिक्स काँक्रीट, खाली ओलरोधक कागद.

२) किराणा, कापड व हार्डवेअर दुकान : कोटा, मोझॅक किंवा खरखरीत व्हिट्रिफाईड टाइल. कोटा व मोझॅक झिजल्यावर पुन्हा घोटून पॉलिश करता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

३) रसवंती व उपाहारगृह : खरखरीत व्हिट्रिफाईड टाइल किंवा खरखरीत ग्रॅनाईट, सांधे इपॉक्सीचे.

४) दवाखाना : तपासणीच्या खोलीत कमीत कमी सांध्यांची जमीन. भिंतीशी काटकोन न ठेवता गोलाई द्यावी, म्हणजे कोपऱ्यात घाण राहत नाही.

५) बँक व कार्यालय : टाइल किंवा ग्रॅनाईट चालेल, मात्र दाराजवळचा भाग खरखरीतच.

६) ओसरी, पायऱ्या व उतार : घोटाई न केलेली शहाबादी, खरखरीत ग्रॅनाईट किंवा चौकड्यांची सिमेंट फरशी.

चकाकणाऱ्या मुलाम्याची टाइल दुकानासाठी घेणार असाल तर झिजेचा वर्ग विचारावा. तो १ ते ५ असतो आणि दुकानास ४ किंवा ५ हवा. भिंतीची टाइल जमिनीवर कधीही वापरू नये. ती मऊ व पाणी पिणारी असते.

खर्चाचा हिशेब

पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. समजा गाळा ३०० चौरस फुटांचा आहे. पहिली फरशी फुटाला १०० रुपये पडते व ७ वर्षे टिकते. दुसरी १५० रुपये पडते व २१ वर्षे टिकते. पहिलीचे २१ वर्षांत तीन वेळा मिळून ९०,००० रुपये, दोन वेळा जुनी उखडण्याचे फुटाला ३० रुपयांप्रमाणे १८,०००, एकूण १,०८,००० रुपये झाले. दुसरीचे ४५,००० व मध्ये दोन वेळा पॉलिशचे फुटाला २५ रुपयांप्रमाणे १५,०००, एकूण ६०,००० रुपये. शिवाय पहिलीसाठी दोनदा दुकान बंद राहिले ते वेगळेच. मात्र भाड्याचा गाळा तीनच वर्षांसाठी असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा महाग ते चांगले असेही समजू नये.

नगांचा हिशेब असा. ६० सेंटिमीटर चौरस टाइल सुमारे ३.८७ चौरस फूट भरते. ३०० फुटांस ७८ नग लागतात. कापण्यातील नुकसान ८ टक्के धरले तर ८४ नग, म्हणजे चाराच्या खोक्याने २१ खोकी. एक खोके जास्तीचे घेऊन माळ्यावर ठेवावे. पाच वर्षांनी तोच रंग मिळत नाही. घेताना सर्व खोक्यांवरचा घाणा क्रमांक एकच आहे का तेही पाहावे.

घरी करावयाच्या तीन चाचण्या

एक, टाइल कोरडी वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा वजन करा. व्हिट्रिफाईड टाइल अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी पिऊ नये. १० किलोच्या टाइलचे वजन ५० ग्रॅमपेक्षा जास्त वाढले तर ती घेऊ नका. प्रयोगशाळेची परीक्षा याहून कडक असते, पण ढोबळ खोट येथेही कळते. दोन, हळदीचे पाणी व लिंबाचा थेंब रात्रभर ठेवून सकाळी पुसा. डाग राहिला किंवा चकाकी गेली तर उत्तर मिळाले. तीन, टाइल जमिनीवर ठेवून साबणाचे पाणी ओता आणि आपल्या रोजच्या चपला घालून, कोणाचा तरी हात धरून, पाऊल टाकून पाहा.

ही तिसरी चाचणी आम्ही कारखान्याच्या आवारात केली. सहा नमुने मांडले, त्यांवर पाणी व चिखल टाकला. परीक्षक म्हणून आबांना बोलाविले. ते आता काठी घेऊन चालतात. त्यांनी प्रत्येक नमुन्यावर आधी काठी टेकून पाहिली, मग दोन्ही बाजूंनी माणसे उभी असताना पाऊल ठेवले. सहांपैकी तीन त्यांनी काठीनेच बाद केले. त्यांत आमच्या गट कार्यालयाची टाइल पहिली होती. उरलेल्या तीन नमुन्यांची नावे शिफारशीसह मा. संचालक मंडळाकडे दिली आहेत.

गट कार्यालयातील चुकीबद्दल आम्ही येथे सर्व सभासदांची क्षमा मागतो. दारापासून खिडकीपर्यंतची चकचकीत टाइल काढून तेथे खरखरीत बसविली आहे, आणि दाराशी जाळी व पायपुसणेही आले आहे. नव्या इमारतीचे नमुने शेतकी खात्याच्या ओसरीत मांडून ठेवले आहेत. सभासदांनी येता-जाता त्यांवर पाय ठेवून पाहावे व आपले मत वहीत नोंदवावे. येताना चपला मात्र पुसू नयेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी